व्हिडिओचा उतारा काढणारे साडू

या देशात खरं बोलणारी माणसं नेमकी किती उरली आहेत, हे जर कोणाला अचूक ठाऊक असेल तर ते फक्त आमच्या साडूंना; आणि त्यांच्या मते ती संख्या एकावर येऊन थांबलेली आहे. तो एक कोण, हे ते सांगत नाहीत. विनय म्हणून काही चीज असते, ती त्यांच्या अंगी आहे. माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे आमच्या अक्का, त्यांना दिली, म्हणून ते माझे साडू. मी त्यांना दादा म्हणतो आणि ते मला मास्तर म्हणतात, कारण मी वाईला हायस्कुलात भूगोल शिकवतो. दोन साडूंचं कधी पटत नाही अशी आपल्याकडं समजूत आहे. आमचं उत्तम पटतं. बोलायचं काम त्यांनी घेतलंय, ऐकायचं माझ्या वाट्याला आलंय, आणि गेल्या कित्येक वर्षांत आम्ही एकमेकांच्या कामात ढवळाढवळ केलेली नाही. त्यांचं गाव कृष्णाकाठी, सातारा जिल्हा संपता संपता आणि सांगली सुरू होता होता. मतदान एका जिल्ह्यात, आठवड्याचा बाजार दुसऱ्या जिल्ह्यात. त्यामुळं दोन्हीकडचे पुढारी त्या गावाला दुसऱ्याचं समजतात आणि गाव दोघांनाही समजून आहे.

दादांनी एकतीस वर्षं साखर कारखान्याच्या लॅबमध्ये काढली. उसाचं टिपरू हातात घेऊन नुसतं वाजवलं तरी त्यात साखर किती ते सांगायचे म्हणे; म्हणे म्हणजे तेच म्हणायचे. शंभर किलो उसातून साखर किती किलो निघाली त्याला उतारा म्हणतात, आणि उतारा या शब्दापुढं दादांना देवाचं नावही फिकं वाटतं. हंगामाच्या आधी शेताशेतातून नमुने यायचे. ज्याचा ऊस पिकलेला त्याची तोड आधी, अशी पद्धत. त्यामुळं त्या दिवसांत भागातल्या प्रत्येक माणसाला आपल्याच उसात साक्षात अमृत भरलंय असं वाटायचं आणि तो लॅबच्या दारात येऊन दादांच्या तब्येतीची चौकशी करायचा. दादांनी यावर एक तोडगा काढला. नमुन्यावर फक्त नंबर, नाव झाकलेलं. "रस बघायचा, सातबारा बघायचा न्हाई," हे त्यांचं वाक्य कारखान्याच्या चेअरमनलासुद्धा पाठ होतं. एका वर्षी त्यांनी एक नमुना कच्चा म्हणून मागं ठेवला. तो निघाला सख्ख्या धाकट्या भावाचा. भाऊ फौजेत. सुट्टीवर आला तोवर उसाला तुरे येऊन साखर उतरली होती. दादा ही गोष्ट अजून अशी सांगतात की जणू भावाच्या शेताला पुरस्कार मिळाला होता.

असा माणूस रिटायर झाला की घरच्यांनी त्याला काहीतरी निरुपद्रवी नाद लावून द्यावा. भजन, बुद्धिबळ, गेला बाजार शेजाऱ्याशी बांधावरून भांडण. यांच्या मुलीनं त्यांना स्मार्टफोन दिला. पहिल्या आठवड्यात त्यांनी हवामानाचे आणि ठिबक सिंचनाचे व्हिडिओ बघितले. दुसऱ्या आठवड्यात कुठल्यातरी पक्षाची तळी उचलणारा एक विद्वान त्यांच्या पुढ्यात आला आणि "मित्रांनो, आजचा व्हिडिओ बघून तुमच्या पायाखालची जमीन सरकेल" असं म्हणाला. दादांनी व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला, खाली वाकून जमीन बघितली, आणि अक्कांना हाक मारून म्हणाले, "वही आण गं. ह्येचा उतारा काढला पायजे."

तेव्हापासून त्या घरात लॅब पुन्हा सुरू झाली. पद्धत जुनीच. अक्कांनी कुठलाही व्हिडिओ निवडून मोठ्या टीव्हीवर लावायचा आणि टीव्हीवर टॉवेल टाकायचा, म्हणजे बोलणाऱ्याचं तोंड दिसायला नको, कपड्याचा रंग दिसायला नको, मागं कुणाचा फोटो लावलाय तेही दिसायला नको. दादा समोर पाटावर, मांडीवर वही. वहीत तीन रकाने: रस, चिपाड आणि मळी. पडताळून बघता येईल असं वाक्य म्हणजे रस. संगीत, आरडाओरडा, "मित्रांनो" आणि "लक्षात घ्या" हे सगळं चिपाड. शिव्या आणि टोमणे ही मळी. मी एकदा म्हणालो, "दादा, टॉवेल टाकला तरी आवाजावरून माणूस ओळखू येतोच की." ते म्हणाले, "येतो. पर वळखायचा न्हाई, आशी मनाला सवं लावलीय मी." मनाला सवय लावलेल्या माणसाइतकं भयंकर दुसरं काही नसतं, पण हे मला फार उशिरा कळलं.

निकाल मात्र मोठे बहारदार असायचे. "मास्तर, ईस मिनिटांचा व्हिडिओ. एकोणीस मिनिटं पन्नास सेकंद चिपाड. दहा सेकंद रस, आन त्यातबी पयल्यांदा त्यो खाकरला." हे मला भर तासाला फोनवर सांगितलं जायचं, आणि दहावी ब मधली पोरं मान्सूनच्या शाखा सोडून माझ्या तोंडाकडं बघत बसायची. एक विद्वान प्रत्येक व्हिडिओत "माझ्या हातात पुरावे आहेत" म्हणून कागदाची चळत फडफडवायचा. त्या फडफडीसाठी दादांनी टॉवेल काढला, चित्र थांबवलं, भिंग लावलं. वरचा कागद विजेचं बिल होता. दुसरा एक जण दर वाक्याला "सूत्रांनी सांगितलं" म्हणायचा. दादांनी त्याला तीनदा लिहून विचारलं की सूत्रांचं गाव कोणतं. उत्तर आलं नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, हा धंदा दोन्ही बाजूंनी जोरात चाललाय आणि त्यात डावं-उजवं करण्यासारखं काही नाही, हे दादांचं ठाम मत. त्यामुळं गावातले एका पक्षाचे लोक त्यांना दुसऱ्या पक्षाचे समजतात आणि दुसऱ्या पक्षाचे लोक पहिल्या.

आटपाडीची मोहीम तर मी जन्मात विसरणार नाही. एका व्हिडिओत आटपाडीकडचा एक रस्ता दाखवला होता: गुळगुळीत, काळाभोर, "बघा विकास!" तोच रस्ता दुसऱ्या बाजूच्या व्हिडिओत: खड्डे, खडी, "बघा विकास!" आमच्या घरच्या ग्रुपवर यावरून दोन मावसभाऊ एकमेकांचे पूर्वज काढायला लागले. दादांनी रविवारी सकाळी मला एसटीत घातलं. भर उन्हात आम्ही त्या जागेवर पोचलो, तर रस्ता एका चहाच्या टपरीपर्यंत उत्तम झालेला आणि टपरीपासून पुढं नुसती खडी. टपरीवाला म्हणाला, "सकाळी एकजण आल्ता. त्यो आसा हिकडं तोंड करून हुबा ऱ्हायला. दुपारी दुसरा आला, त्यो तिकडं तोंड करून. दोगांनीबी च्या माज्याकडंच घेटला. लय गोड माणसं." दादा कितीतरी वेळ रस्त्याच्या मधोमध उभे राहिले, एकदा इकडं तोंड करून, एकदा तिकडं. येताना गाडीत म्हणाले, "दोगंबी खरं बोलल्यात मास्तर. आन दोगांचाबी उतारा शून्य." माझा रविवार गेला, डोकं उन्हानं तडकलं, पण या एका वाक्यावर मी त्यांना ते सगळं माफ केलं.

निकाल ते घरच्या ग्रुपवर टाकायचे. कोणीही व्हिडिओ टाकला की खाली यायचं: "नमुना क्र. ११७. उतारा निरंक. शेरा: शेतातच पेटवून द्यावा." फलटणच्या एका लग्नात नवऱ्या मुलाच्या चुलत्यांनी यांच्याशी बोलणंच टाळलं, कारण त्यांचे सलग नऊ नमुने नापास झाले होते. ग्रुपातून माणसं गळायला लागली. माझी बायको म्हणाली, "दाजींना आवरा, नाहीतर उद्या बारशाला बोलवायला माणूस उरणार नाही." आवरा म्हणे! नांगराला जुंपलेला बैल आवरेल, हा माणूस आवरणार?

आता त्यांचा भाऊ. ज्याचा ऊस कच्चा ठरला तोच. सुभेदार होऊन फौजेतून आला, त्याला आता वीस वर्षं झाली. सगळे त्याला आबा म्हणतात. भिंतीला भिंत लागून घर. रोज सकाळी चहाला आबा दादांच्या ओट्यावर येणार, आल्याबरोबर आपल्या लाडक्या विद्वानाचा व्हिडिओ लावणार, आणि मग तासभर दोघं भाऊ भांडणार, हा त्या गल्लीचा भोंगा होता. आबांचा विद्वान भल्या मोठ्या मिशांचा आणि "जय हिंद"नं सुरुवात करणारा. आबा म्हणायचे, "दादा, त्याच्या आवाजात दम हाय." दादा म्हणायचे, "दम डिझेल इंजिनातबी आस्तो, त्येला आपून मत देतो का?" आबा म्हणायचे, "तुज्या वहीला आग लाव." दादा म्हणायचे, "च्या घे, गार हुतोय." बाहेरच्याला वाटावं आता डोकी फुटणार. अक्का मात्र आतून निवांत दुसरं आधण ठेवायच्या. माझ्या पाहण्यात इतकी सुखी माणसं कमी आली.

आणि एके दिवशी आबा चहाला आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. ग्रुपवर आलं, 'आबा हॅज लेफ्ट'. चार दिवसांनी अक्कांचा फोन आला. "पाव्हणं, तुमी या बघू. ह्यांचं न् आबांचं बोलनं बंद झालंय. हे म्हंत्यात मी काय केलंच न्हाई. मला तर ह्यातलं काय उमगंना."

रविवारी गेलो. दादा वही घेऊन बसले होते, पण पानं नुसती उलटत होते. मला म्हणाले, "राजकारणामुळं डोस्कं फिरलंय त्याचं. मी त्याच्या मिशीवाल्याला शून्य दिलं, म्हणून रुसला." मी म्हणालो, "ते तर तुम्ही दोन वर्षं देताय." त्यांनी आणखी एक पान उलटलं. मी उठून शेजारी गेलो.

आबा अंगणात शेंगा फोडत बसले होते. मला बघून पाट सरकवला. बराच वेळ दोघांनी मिळून शेंगा फोडल्या. मग त्यांनी आपणहून विचारलं, "मास्तर, दोनशे अडतीस नंबर वाचला का तुमी?"

मी फोन काढून बघितलं. मिशीवाल्यानं आपल्या व्हिडिओत कुणा निनावी माजी सैनिकाचं पत्र वाचून दाखवलं होतं. बर्फातली चौकी. त्या जवानाला घरून आईनं काकवीचा डबा धाडलेला. थंडीनं काकवीचा दगड झाला, म्हणून त्यानं आणि त्याच्या जोडीदारानं संगिनीनं फोडून तिचे दोन खडे केले. जोडीदारानं आपला गालात धरला आणि गस्तीवर गेला. वरून बर्फाचा कडा आला आणि तो त्याखाली गेला. पत्र लिहिणाऱ्याचा खडा खिशात तसाच राहिला. पत्र संपल्यावर मिशीवाला विरोधकांच्या नावानं दहा मिनिटं ओरडला होता. आणि दादांचा निकाल: "नमुना क्र. २३८. उतारा शून्य. शेरा: काकवी गोठत नसते. त्यात एवढी साखर असते की पाण्याला गोठायला जागाच राहत नाही. हे पत्र लिहिणारा उसाच्या भागातला नाही आणि फौजेतला तर नाहीच नाही."

मी वाचून मान वर केली. आबा माझ्याकडं बघत नव्हते.

"ते पत्र माजं हाय," ते म्हणाले. "डबा आईनं भरल्ता. आन त्येचं झाकण कुणी बंद केल्तं, ठावं हाय? दादानं. लॅबातलं मेण लावून. गळू ने म्हनून."

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली. मी म्हणालो, "आबा, पण घरात कुणाला सांगायचं सोडून त्या मिशीवाल्याला? तो खोटं बोलतो हो."

"त्यो खोटं बोलतो त्ये मला कळतंय मास्तर. मी फौजेत हुतो, येडा न्हाई." त्यांनी टरफलं बाजूला सारली. "पर त्यो म्हनला, तुमचं काय आसंल त्ये मला लिहून धाडा. हितं कवा कोन म्हनलं?"

आबांच्या हातची कोंबडी मी दहा वेळा खाल्ली असेल. त्यांच्या फौजेतल्या कोट्याची रम मी प्यालो आहे. पण "तिकडं कसं होतं?" असं एका शब्दानं कधी विचारलं नव्हतं. फार तर "थंडी जाम असेल नाही?" आणि त्याचंही उत्तर ऐकायला थांबलो नव्हतो.

परत येऊन मी दादांना सगळं सांगितलं. पत्र, डबा, मेण, सगळं. दादांचा चेहरा पडला. तो असा पडलेला मी कधी पाहिला नव्हता. "मेण लावल्तं मी," एवढंच पुटपुटले. मला वाटलं आता उठून जातील. छे! थोड्या वेळानं म्हणाले, "पर मास्तर, काकवी गोठत न्हाई वो." मग मात्र माझा संयम सुटला. "अहो दादा, भाऊ तुटायची वेळ आली आणि तुम्ही काकवीचं काय घेऊन बसलाय!" तर म्हणाले, "मी करून बघतो. मग बोलू." अक्कांनी कपाळावर हात मारला. "दिव्याखाली अंधार म्हंत्यात त्यो ह्यो," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

सोमवारी दादांनी खरंच काकवीची बाटली नेऊन रस्त्यावरच्या आइस्क्रीमवाल्याच्या मोठ्या फ्रीजरमध्ये ठेवली. रोज दोनदा जाऊन बघायचे. मंगळवारी घट्ट. बुधवारी आणखी घट्ट. शनिवारी आइस्क्रीमवाला वैतागून म्हणाला, "दादा, जागा आडतीया. ह्येची कुल्फी हुत न्हाई, घरला न्या." पुढच्या रविवारी मी गेलो तेव्हा ती बाटली ओट्यावर त्यांच्यासमोर होती. आत चमचा उभा राहील इतकी घट्ट, पण दगड नव्हे. दादांनी ती माझ्यासमोर आडवी केली. काकवी सावकाश, अगदी सावकाश, सरकली.

"न्हाई गोठली," ते म्हणाले.

"मग आता?"

ते बाटलीकडं बघत राहिले. समोर पुरावा होता, आणि तो त्यांच्याच बाजूनं होता. एकतीस वर्षांत आणि दोनशे अडतीस नमुन्यांत त्यांनी पुराव्याच्या विरुद्ध एक अक्षर लिहिलं नव्हतं. मला त्यांची दया आली. या माणसाला हसत मी इतकी वर्षं काढली, पण त्या क्षणी नाही हसू आलं.

"मग काय," शेवटी ते म्हणाले. "आबा म्हंतोय म्हंजी गोठली आसंल. ह्या फ्रीजरला तिथली थंडी कुठनं ठावं आसनार? आन मला तरी कुठनं?"

त्यांनी फोन घेतला आणि एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, ग्रुपवर लिहिलं: "नमुना क्र. २३८. आधीचा निकाल माझा चुकला. काकवी गोठते. साक्षीदार: माझा धाकटा भाऊ." पाठवून झाल्यावर चष्मा काढून ठेवला, आता सगळं मिटलं अशा थाटात. अक्का दारातच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "आवं, आबा ग्रुपात हायतच कुठं? त्ये भिंतीपल्याड हायत." दादा ओशाळले. उठले. पायात चप्पल घालायचंही त्यांना सुचलं नाही.

मी आणि अक्का मागून गेलो. आबा पलंगावर पेपर वाचत होते. दादा समोरच्या खुर्चीत बसले. या दोघांना गप्प बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो आणि मला ते सहन होईना. दादांनी दोनदा घसा खाकरला. माफीबिफीचे शब्द त्या घराण्यात नाहीत, कधी कुणी वापरलेही नाहीत.

"त्या तुज्या जोडीदाराचं नाव काय रं हुतं?" त्यांनी विचारलं.

आबांनी पेपर खाली केला. दादांच्या हातात वही आहे का ते बघितलं बहुतेक. नव्हती.

"बलबीर," ते म्हणाले. "गढवालचा. माज्यापरीस दोन वरसांनी ल्हान. त्येनं काकवी कवा बघितलीच नव्हती. मला म्हनला, सुभेदार बनेगा तो मुझे गाँव ले जाना, ये बनता कैसे है देखूँगा." आबांनी पेपरची घडी घातली. "आपल्या गुऱ्हाळावर आननार हुतो त्येला."

दारातून अक्का हळूच म्हणाल्या, "म्हनून तुमी काकवीला हात लावत न्हाई व्हय, आबा? आन मी दर वर्साला पानात वाढती. मला वाटायचं, साकरंचा तरास हाय."

"व्हय," आबा म्हणाले.

दादांनी खुर्ची उचलून पलंगाला लावली आणि आबांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "आन मग?" ते म्हणाले. "त्यो गस्तीवर गेल्यावर तू कुठं हुतास?"

आबा सांगायला लागले. आधी अडखळत, मधेच हिंदीत जात, चौकीची जागा पलंगावर बोटानं आखून दाखवत. दादा मधे एकदाही बोलले नाहीत, फक्त आबा थांबले की "मग?" म्हणायचे. अक्कांनी चहा आणला, तो गार झाला, दुसरा आणला. माझी साडेतीनची गाडी गेली आणि नंतर पाचचीही गेली. आबा अजून त्या बर्फातच होते, आणि वीस वर्षं उशिरा का होईना, दादा त्यांच्याजवळ जाऊन बसले होते.